मिठाच्या ओळीला गोडं पाणी

आये, काकी आता काही घेत नाही. पेज तोंडाला लावली की ओठाच्या कडेने बाहेर येते. पाणी तेवढं घेते, तेही चमच्याने, आणि कोण पाजतंय ते नीट बघून. काकी म्हणजे आपली शेजारीण. शेवटची नऊ वर्षं तू जिच्याशी एक शब्द बोलली नाहीस, तीच. तिला एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि तुलाही. तुला सांगायची वेळ टळली त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. तिचे किती दिवस उरलेत ते दवाखान्यातल्या बाईंनाही सांगता येत नाही. तेव्हा निदान कागदावर तरी आधी लिहून बघते, म्हणजे तोंडाला सवय होईल.

मी आता चौक गावात राहते. जुन्या हायवेला लागून एक गॅरेज आहे, त्याच्या वरच्या दोन खोल्यांत. शाळेत विज्ञान शिकवते. सुट्टीत पाणी कोण घालणार म्हणून वर्गातले सहा कागदी पेले घरी आणून खिडकीत ठेवलेत. प्रत्येकात एक वाल, आणि पेल्यावर पेन्सिलीने लिहिलंय: साधं पाणी, तांदळाचं धुवण, ताक, चहा, साबण, मीठ. दरवर्षी हेच करते, आणि दरवर्षी मिठाच्या पेल्यातला वाल मरतो. आज सकाळी मेला. पानांच्या कडा आधी करपल्या, मग मान वाकली. मी वहीत दिवस लिहिला आणि बसले. दरवर्षी लिहिते आणि कामाला लागते, आज मात्र दुपार झाली तरी इथेच आहे.

सरांचं अंगण आठवतं तुला? सर म्हणजे दहिवलीचे, जुन्या घरातले, कॉलेजात झाडांचं शास्त्र शिकवून घरी बसलेले. त्यांना स्वस्थ कुठलं बसवतंय. घरामागच्या अंगणात त्यांनी मातीच्या पिशव्या मांडल्या होत्या आणि तुला आणि काकीला कामाला लावलं होतं. सकाळी कोंडाण्याच्या लेण्यांच्या अंगाने उतरायचं, रस्त्याला यायचं, मिळेल त्या टेंपोत बसायचं. दिवाळीची सुट्टी होती म्हणून मीही येत होते, आणि मग सुट्टी संपली तरी येत राहिले, कारण आपल्या वाडीच्या शाळेचे गुरुजी आले तर आले. वालाच्या ओळी होत्या. एकीला विहिरीचं पाणी, एकीला तांदळाचं धुवण, एकीला ताकाचं पाणी, एकीला पाणी घालून पातळ केलेलं गोमूत्र, एकीला साबणाचं, एकीला मिठाचं. शिवाय थोड्या पिशव्या आंब्याच्या सावलीत, आणि एक पिशवी भोक पाडलेल्या खोक्यात. खोक्यातला वाल पांढुरका, लांबुळका होऊन भोकाकडे झुकला होता. तो बघायला मी दिवसातून दहादा झाकण उघडायचे आणि सर ओरडायचे, अगं, उजेड खाऊ नको देऊस त्याला.

आणि ते बी आपलं होतं. सरांनी विचारलं होतं, वाडीतला जुना वाल मिळेल का, बाजारातला नको. तू घरच्या मडक्यातला, राखेत घोळून ठेवलेला, फडक्यात बांधून नेलास. म्हणून तर पुढचं सगळं झालं. पहिल्या दिवशी सरांनी मिठाच्या पाण्याची पळी तुझ्या हातात दिली तेव्हा तू तशीच उभी राहिलीस.

"सर, वालाला मीठ पाजायचं? मरंल की वो ते."

"मरतंय का, आणि किती दिवसांनी मरतंय, तेच बघायचंय बाई."

"बघायला कशाला पायजे? मी सांगते ना, मरंल."

सर खूप हसले. तू हसली नाहीस. पळी घातलीस, पण बाकीच्या ओळींशी तू बडबडायचीस तशी त्या ओळीशी बोलली नाहीस. कोंब वर आले तेव्हा सगळ्या पिशव्यांत सारखेच आले, मान वाकवून, डोक्यावर दोन डाळिंब्या घेऊन. पुढच्या आठवड्यात फरक दिसायला लागला. धुवणाची ओळ तरारली. ताकाच्या मातीवर बुरशी धरली आणि वास सुटला. साबणाची माती वरून घट्ट झाली. मिठाच्या ओळीची पानं कडेने जळायला लागली. दुपारी भाकरी खाताना तू म्हणालीस, "माज्या घरचं बी हाय ते. मी आनून दिलं आन मीच मारायचं."

काकी म्हणाली, "तू कशाला मनाला लावून घेतेस गं? सरांचं अंगन, सरांचं मीठ."

सर जेवून आडवे झाले की दोन तास उठत नाहीत, हे तुला ठाऊक होतं. तू विहिरीवरून हंडा आणलास आणि मिठाच्या एकेका पिशवीत तांब्या तांब्या गोडं पाणी ओतलंस. खालच्या भोकांतून गढूळ पाणी निथळून जाईपर्यंत थांबलीस, आणि पुन्हा ओतलंस. मी विचारलं, हे काय गं? तू म्हणालीस, "खारं सुकं म्हावरं कसं धुतो आपून? तीन पान्यांनी. उतरतो खारटपना." मी आज पोरांना फळ्यावर लिहून देते ना, जास्त पाण्याने मातीतले क्षार खाली वाहून जातात, ते मला कुठल्या पुस्तकात नाही सापडलं. सकाळी सरांसमोर मिठाची पळी, दुपारी गोडं पाणी, असं रोज. काकीने एकदा बघितलं आणि तोंड फिरवून म्हणाली, "मी बाई काय बघितलं नाय."

ती ओळ जगली. कडा करपलेल्या, बाकीच्यांच्या अर्ध्या उंचीची, पण उभी राहिली, आणि तिला फुलं धरली. सरांचा विश्वास बसेना. तीनतीनदा पानं मोजली. मग मला मोजायला लावली, कारण माझी मोजणी चुकत नाही हे त्यांना कळलं होतं. हा वाल मीठ पचवतो, म्हणाले. खाडीकडच्या खारेपाटात बांध फुटून शेतात खारं पाणी शिरतं, तिथे काही उगवत नाही, तिथल्या माणसांना हे बी द्यायचं. त्यांनी तिकडच्या दोघांना बोलावणंही धाडलं. ते इतके आनंदात होते की फिरताना गुणगुणत होते. त्याच आनंदात त्यांनी मला त्यांचं भिंग दिलं. पितळी कडीचं, लाकडी मुठीचं. म्हणाले, तुझे डोळे चांगले आहेत, ते आणखी चांगले कर.

मी घरी येईपर्यंत ते मुठीत धरून होते. तू बघितलंस आणि म्हणालीस, "मागं दे."

"सरांनी दिलंय."

"दिलं म्हनून घ्यायचं नसतं. आज भिंग देतील, उद्या म्हनतील पोरगी ठिवा आमच्याकडं भांड्याला. उद्या सकाळी मागं दे."

मी रडले, आणि तू पाठीत एक धपाटा घातलास. आता मला तुझं म्हणणं कळतं. आपल्या वाडीतल्या दोन पोरी अशाच गेल्या होत्या, फ्रॉक घेऊन. तेव्हा मला एवढंच कळत होतं की भिंगातून मुंगीच्या पायावरचे केस दिसतात आणि ते उद्यापासून दिसणार नाहीत.

सकाळी तुम्ही दोघी विहिरीकडे गेलात आणि मी ओटीवर सरांपुढे भिंग धरलं. आई नको म्हणते, म्हटलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, असू दे गं, मी सांगतो तुझ्या आईला. ते म्हणाले, "बरं, ठेव तिथे," आणि चहा पीत वही चाळायला लागले. वहीत माझ्या हातचे आकडे होते. भिंग टेबलावर पडलं होतं. आये, तेव्हा मी म्हणाले, "सर, मिठाच्या ओळीचं खरं नाही. आई रोज दुपारी तिला गोडं पाणी घालते."

लहान होते, कळत नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. सरांनीच शिकवलं होतं की दिसेल तेच लिहायचं, म्हणून बोलले, असंही सांगून बघितलं. खारेपाटातल्या लोकांनी ते बी पेरलं असतं आणि त्यांचा हंगाम बुडाला असता, तो वाचला, हे तर खरंच आहे. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगाच नाही. मी बोलले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे खारेपाट नव्हता. टेबलावरचं भिंग होतं. सरांनी वही मिटली. मग म्हणाले, "कोणी सांगितलं ते मी बोलणार नाही. जा, ते घेऊन जा." बक्षीस म्हणून दिलं की डोळ्यांसमोर नको म्हणून दिलं, मला आजही माहीत नाही. मी मात्र घेतलं. आणि सरांनी शब्द पाळला, हे वाईट झालं. शब्द मोडला असता तर तू मला चार रट्टे दिले असतेस आणि विषय संपला असता.

तू विहिरीवरून आलीस तेव्हा सर अंगणातच उभे होते. "बाई, दोन महिने तुम्ही मला खोटं दाखवलंत."

"मी झाड मरू दिलं नाय, यवढंच केलं."

"तेच करायचं नव्हतं."

"मग माज्या घरचं बी कशाला मागितलंत? बाजारातनं आनायचं हुतं, मारायलाच हवं हुतं तर."

उद्यापासून येऊ नका, एवढंच सर म्हणाले. काकीला राहू दिलं. त्यांनी मिठाची ओळ आपल्या हाताने उकिरड्यावर रिकामी केली, फुलांसकट, आणि तू ते बघत राहिलीस. माझ्या आठवणीत तू तिथे अजून उभी असतेस, डोक्यावर भरलेला हंडा तसाच, उतरवायचं सुचत नाही. मी आंब्याखाली आहे. खोक्याचं झाकण उघडं राहिलंय आणि ते लावायला कोणी सांगत नाही.

त्या संध्याकाळी वाडीच्या मधोमध तू काकीला गाठलंस. "पोटात ठिवता आलं नाय तुला?"

"आईच्यान मी नाय सांगितलं गं."

"मग काय वालानं सांगितलं सरांना?"

लोक हसले. काकीने माझ्याकडे बघितलं. संशयाने नाही, पोरीसमोर आपली शोभा होते म्हणून बघितलं. मी तुझा पदर धरून उभी होते आणि दुसऱ्या मुठीत भिंग होतं. तूही नंतर त्याच्याबद्दल कधी विचारलं नाहीस. तुझ्या डोक्यात दुसरं काही राहिलंच नव्हतं.

चार दिवसांनी तू दार फिरवलंस. आपलं दार काकीच्या दाराकडे तोंड करून होतं, इकडची फोडणी तिकडे कळायची. तू ते कारवीच्या कुडाने बुजवलंस, शेणाने सारवलंस आणि मागच्या बाजूला नवं दार काढलंस. मागची बाजू म्हणजे पश्चिम, पावसाची. वाडीतलं शेंबडं पोरसुद्धा तिकडे दार काढणार नाही. त्यानंतरचे सगळे पावसाळे आपण उंबऱ्यावर गोणपाट टाकत काढले आणि चूल आतल्या कोपऱ्यात सरकवत राहिलो. मला आठवतं, एकदा मी म्हणाले, आये, जुनं दार उघडू या ना. तू म्हणालीस, "भिजू दे. भिजल्यानं मरत नाय मानूस."

काकीनेही महिन्याभरात सरांचं काम सोडलं. म्हणाली, तिथे राहिले तर लोकांना खरंच वाटंल. लोकांना ते आधीच खरं वाटत होतं. थंडीत पोपटी लावायचे, मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला भरून जाळ करायचे, तेव्हा सगळ्या बायका एका जागी बसायच्या आणि काकी आली की विषय बदलायचा. कानाला लागून कोणी तिच्याशी बोललं नाही. ज्या बाईच्या पोटात सगळ्या वाडीची गुपितं सुखाने राहिली असती, तिला वाडीने चहाडखोर ठरवून टाकलं. मी आश्रमशाळेत होते. सरांनीच घातलं होतं तिथे, आणि तू जाऊ दिलंस, कारण तू आता जंगलात मोळीला जात होतीस आणि मला मागे कोण बघणार होतं. सुट्टीला आले की काकी रस्त्यात थांबवायची, हातात करवंदं द्यायची. तुझ्या आयला सांगू नको म्हणायची. मी खायचे आणि सांगायचे नाही. तेवढं एक बरं जमायचं मला.

मग तुझी कावीळ. भादव्यात. मी एकोणीस वर्षांची होते, शिक्षिकेचं शिकत होते, म्हणजे लहान होते हे आता म्हणता येत नाही. डोळे हळदीसारखे झाले होते तुझे. काकी पावसातून घराला वळसा घालून मागच्या दाराने आली, नऊ वर्षांत पहिल्यांदा. पेल्यात उकळून गार केलेलं पाणी होतं. तिने तुझी मान उचलली आणि पेला ओठांना लावला. तुला तहान होती, सकाळपासून तू पाणी पाणी करत होतीस. डोळे उघडून तू बघितलंस कोण आहे ते, आणि ओठ मिटलेस. पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं. मग तू भिंतीकडे तोंड केलंस, जिथे जुनं दार होतं त्या भिंतीकडे. काकी कितीतरी वेळ तो पेला धरून बसली होती. मी तिच्या मागे उभी होते. एक वाक्य पुरलं असतं, आये. आठ-दहा शब्दांचं. तुला ऐकू येत होतं, शुद्ध होती. मी गोणपाट पिळायला बाहेर गेले. दुपारी तू गेलीस.

आता तुला पटेल की नाही माहीत नाही, पण त्यानंतर मला वाटलं, सुटले. ज्याच्यापासून खरं लपवायचं ते माणूसच गेलं. कसली सुटतेय. सर गेले, त्यांच्या वह्या रद्दीत गेल्या, अंगणात आता इमारत आहे. भिंग माझ्या टेबलाच्या खणात आहे. पोरं मागतात, मी देत नाही, शाळेची प्लास्टिकची देते. दरवर्षी मिठाचा पेला मरतो आणि दरवर्षी एखादी पोर विचारतेच, बाई, याला थोडं साधं पाणी घालू का? मी नको म्हणते. का नको ते समजावून सांगते, चांगलं समजावते, पोरांना पटतंसुद्धा. मला तुझा हंडा दिसत असतो.

गेल्या रविवारी वाडीत गेले. काकीचं घर आता सिमेंटचं आहे, आपल्या घराच्या जागी नुसता चौथरा आणि त्यावर टाकळा माजलाय. तिच्या सुनेने मला पेला आणि चमचा दिला, म्हणाली, तुमच्या हातनं घेतील बघा. घेतलं तिने. डोळे किलकिले करून बघितलं, मला ओळखलं, आणि तोंड उघडलं. दोन चमच्यांनंतर म्हणाली, "तुज्या आयनं माज्या हातचं पानी नाय घेतलं."

मी चमचा पुन्हा भरला.

"आता भेटंल ती. पयलं पानीच नेईन तिला. घेईल का गं?"

"घेईल, काकी."

"मी नाय सांगितलं तेव्हा. तुला तरी खरं वाटतं ना?"

"वाटतं," म्हटलं मी.

खोटं नव्हतं ते, आये, आणि त्याहून वाईट मी आजवर काही बोलले नाही. तिला तेवढंही पुष्कळ झालं. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या, म्हणाली, तू येक हायस म्हनून.

हा कागद मी वहीत ठेवणार आहे. सुनेकडे द्यायचा नाही, काकीला वाचून दाखवायचा नाही, हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं. तिची वाडी इथून तासाभरावर आहे आणि उजेड अजून पुष्कळ आहे, तरी मी इथे बसून तुला लिहिते आहे, कारण तू आता दार फिरवू शकत नाहीस. ती आली तर तिच्या हातचं पाणी घे. ती नव्हती. मी होते.

रविवारी मी तिला हेच सांगायला गेले होते. शब्द तोंडात तयार होते. पण माझ्या हातात चमचा होता आणि तिचे ओठ उघडे होते. सांगितलं असतं तर ते मिटले असते, तुझे मिटले तसे, या वेळी माझ्या हातावर. म्हणून मी पेला संपेपर्यंत तिला पाणी पाजत राहिले, आणि संपल्यावर उठून आले.